तुरीचा दाणा आणि मुकी दाढ

संपादकांचा फोन आला, "डॉक्टर, दिवाळी अंकासाठी तुमचे अनुभव लिहा. पण जरा हलकंफुलकं असू द्या." दातांवर हलकंफुलकं लिहिता येतं असं ज्याची दाढ अजून दुखलेली नाही त्यालाच वाटतं. मी अकोल्यात उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात घालवला. माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं, आणि या दोन्ही गावांतल्या माणसांच्या दाढा मी इतक्या पाहिल्या आहेत की लग्नकार्यात कोणी हसून समोर आलं की मला आधी त्याच्या दाढेवरची टोपी आठवते, मग नाव. आता दवाखाना फक्त सकाळचा उघडते. वय झालं, मान दुखते, आणि खरं सांगायचं तर लोकांच्या प्रश्नांचाही कंटाळा आला आहे.

प्रश्न म्हणजे एकच. दाढ भरली, टोपी बसवली, कवळी दिली, काहीही केलं तरी खुर्चीतून उठताना माणूस चूळ भरतो, आरशात पाहतो आणि विचारतो, "मजबूत आहे ना?" खाटेचे पाय विकत घ्यायला आल्यासारखं. या दाढेने तुम्ही काय खाता, समोरच्या दाढेची हालत काय आहे, झोपेत दात खाता का, हे मी विचारायला लागले की त्यांना वाटतं बाई उगीच वेळ काढतात. त्यांना फक्त 'हो' हवं असतं, आणि जमलं तर त्याचं एक रंगीत कार्ड. हल्ली तशी कार्डं मिळतातही. आजीवन गॅरंटी. ज्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्याची गॅरंटी कोणी देत नाही, त्याच्या दाढेची आजीवन देतात, आणि तो ती पाकिटात देवाच्या फोटोशेजारी जपून ठेवतो.

अमरावतीचे एक वकील होते. नाव सांगत नाही, अजून प्रॅक्टिस करतात. मी बसवलेल्या टोपीची चिनीमाती उडाली म्हणून तुकडा रुमालात बांधून अकोल्यापर्यंत आले आणि खुर्चीत न बसता उभ्यानेच युक्तिवाद सुरू केला. टोपी निकृष्ट होती, आपण सुपारी कधी फोडतच नाही, फक्त चघळतो, आणि चघळणे म्हणजे चावणे नव्हे. मी म्हटलं, "वकीलसाहेब, आ करा." पुरावा दोन दाढांच्या फटीत शाबूत होता, चांगला हरभऱ्याच्या डाळीएवढा. मी तो चिमट्याने काढून त्यांच्याच रुमालावर ठेवला. पुढची तारीख न मागता ते बसले.

वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी तर बाटल्या उघडायचा. पेट्या भरून ट्रक निघाला की शेडमध्ये थंडाई म्हणून बाटल्या यायच्या, आणि हा गडी सगळ्यांची झाकणं उजव्या दाढेत धरून उडवायचा. लोक टाळ्या वाजवायचे. दाढ उभी चिरली तेव्हा मला म्हणाला, "डॉक्टरबाई, मागची साठ-सत्तर झाकनं तं आरामात उघडली, याच झाकनात काही खोट असन." झाकणात! मी त्याला म्हटलं, तुझ्या दाढेने सत्तर वेळा सहन केलं, त्याबद्दल तिचे आभार मानायचे सोडून तू झाकणाची चौकशी करतोस. त्याला यात रागावण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. पुढच्या मोसमात डाव्या बाजूने उघडायला लागला असं ऐकते.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अडकित्ता घ्या. सुपारी त्याच्या टोकाशी ठेवून दाबा, घसरेल पण फुटणार नाही. तीच आत खिळ्याजवळ सरकवा, जराशा जोराने दोन तुकडे. आपल्या जबड्याचा खिळा कानापुढे असतो. पुढचे दात टोकाशी, दाढा खिळ्याजवळ. म्हणून पुढच्या दातांनी आपण हसतो, बोलतो, पेरू चावतो, आणि दाढांनी दळतो. तरण्याताठ्या माणसाने दाढा घट्ट आवळल्या तर त्यांच्यात धान्याच्या भरल्या पोत्याएवढा भार येतो. हा भार रोज, प्रत्येक घासाला थोडाथोडा, वर्षानुवर्षं पडत असतो. वर भाकरीतली कचकच, फुटाणे, सुपारीचा खर्रा. आणि एवढ्या भाराखाली जे उभं राहायचं ते आम्ही नखाएवढ्या जागेत, थुंकीच्या ओलाव्यात, पेशंटची जीभ मध्ये मध्ये लुडबुडत असताना बांधायचं.

आता यात न फुटणारं असं काही नाही. चांदी भरली तर चांदी टिकते, पण तिच्या शेजारची दाताची भिंत कधीतरी तडकते. पांढरं भरलं तर दिसायला छान, लहान खड्ड्यात उत्तम, मोठ्या खड्ड्यात झिजतं, कडेने निसटतं. चिनीमातीची टोपी चढवली तर तिचे टवके उडतात. म्हणून आता एक नवी पांढरी टोपी आली आहे, ती काही केल्या फुटत नाही. कंपनीचा पोरगा माझ्या दवाखान्यात आला होता, त्याने ती टोपी फरशीवर ठेवून हातोडा मारून दाखवला. माझी फरशी फुटली, टोपी तशीच. मोठ्या विजयाने माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, बाबा, माझ्या पेशंटच्या तोंडात या टोपीसमोर हातोडा नसतो, दुसरी दाढ असते, आणि तिची गत माझ्या फरशीसारखी होईल. त्याने माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं, पण त्यात समोरच्या दाढेचा उल्लेख नव्हता. भार पडला की काहीतरी जाणारच. काय आधी जावं आणि काय शेवटपर्यंत राहावं एवढंच ठरवण्याचे आम्ही पैसे घेतो. हे एकदा नीट समजलेला पेशंट मला इतक्या वर्षांत एकच भेटला, आणि त्याला ते समजायला स्वतःची दाढ गमवावी लागली. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

देवराव मूळचे बाळापूरकडचे. शेती धाकटा भाऊ भास्कर पाहायचा, देवराव तरुणपणीच अकोल्याला येऊन एका डाळमिलमध्ये लागले. पुढे शेठजींसाठी तुरीची खरेदी तेच पाहायला लागले. बाजार समितीच्या यार्डात सकाळी हर्रास, म्हणजे लिलाव सुरू व्हायचा, की देवराव ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे, आतले चार दाणे काढायचे आणि एकेक उजव्या दाढेखाली ठेवून चावायचे. कोरडा दाणा कट करून तुटतो. ओला दाणा आधी जरासा दबतो, मग तुटतो. हा 'जरासा' बोटाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. चावणारे यार्डात पुष्कळ आहेत, पण तंटा झाला की अडते म्हणायचे, "देवरावले चावू द्या." मग ते चावायचे, सालपट थुंकायचे आणि एक शब्द बोलायचे. शेतकरीही तो मानायचे, कारण ओल्याला ओली म्हणणारा माणूस कोरड्यालाही कोरडीच म्हणायचा. खरेदी शेठजींची असो की परक्याची.

ती उजवी खालची दाढ माझी होती. म्हणजे त्यांची, पण तिच्यातली चांदी मी भरलेली. तिने पुष्कळ वर्षं काम केलं. शेवटी तिची आतल्या बाजूची भिंत तडकली आणि देवराव गाल धरून आले. मी तपासलं. मुळं चांगली होती. म्हटलं, मुळांचा इलाज करू, वर धातूची टोपी घालू, अजून बरीच वर्षं जाईल. ते म्हणाले, "करा ना मंग." पण त्या दिवशी त्यांचा मुलगा विशाल सोबत होता.

विशाल पुण्याला कंपनीत. सुटीवर आला होता. पोरगा वाईट नाही, बापावर जीवही आहे, पण पुण्याला चार वर्षं राहिलं की काही जणांना अकोल्यातल्या सगळ्या गोष्टी जुनाट वाटायला लागतात, त्यांतला तो. "मॅडम, धातूची टोपी? आजकाल कोणी लावतं का? तोंड उघडलं की चमकेल." मी म्हटलं, सगळ्यात मागच्या बाजूला आहे, तुझे बाबा जांभई देतील तेव्हाच दिसेल. तो म्हणाला, "आणि तडकलेला दात ठेवायचाच कशाला? पर्मनंट सोल्युशन करू." त्याची सासुरवाडी अमरावतीची. तिथे सासऱ्यांच्या ओळखीचा एक तरुण डॉक्टर होता, मोठा काचेचा दवाखाना, आत कॉफीचं मशीन. तिथे दाढ काढली, हाडात धातूचा खिळा बसवला, आणि काही महिन्यांनी त्यावर ती हातोड्याने न फुटणारी पांढरी टोपी चढवली. मी नंतर ते काम पाहिलं. सुबक होतं. खोट काढायला जागा नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. चुकीचं काम इतकं नीट केलेलं असलं की भांडायचं कोणाशी?

वर त्या डॉक्टराने व्हिडिओ काढला. देवराव खुर्चीत बसलेत, समोर वाटीत कडक फुटाणे, ते उजव्या बाजूने कटाकट फोडताहेत, मागे संगीत. शेवटी डॉक्टर विचारतो, "काका, कसं वाटतंय?" आणि देवराव, बिचारे, खरंच वाटत होतं ते बोलतात, "भल्ला मजबूत हाय." हा व्हिडिओ दोन दिवसांत अख्ख्या यार्डाच्या मोबाइलवर फिरला. सगळ्यांनी खाली लाइकचे अंगठे टाकले. विशालने तो स्टेटसला ठेवला.

मग नव्या तुरीचा मोसम आला.

देवराव एका दुपारी माझ्याकडे आले तेव्हा मी डबा खात होते. आत येऊन बाकावर बसले. मी विचारलं, दुखतंय का? "नाही." सूज? "नाही." मग काय झालं? ते म्हणाले, "बाई, दात मजबूत हाय. पन मले काहीच समजून नाही राहिलं."

"काय समजत नाही?"

"दाना. चावतो तं तुटते. ओला बी तुटते, कोरडा बी तुटते. मधातलं काहीच नाही येत."

मी डबा बाजूला ठेवला. एका क्षणात सगळं लक्षात आलं. यात त्यांची काही चूक नव्हती आणि त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यावर तो जणू टांगलेला असतो. चव जिभेला कळते, पण वस्तू किती कडक आहे हे त्या पडद्याला कळतं. भाकरीतला खडा घासात आला की आपण चावता चावता थांबतो ना, ते त्याच्यामुळे. टोपी कसलीही घाला, मूळ आपलं असलं तर हे कळणं राहतं. पण दाढ मुळासकट काढून खिळा ठोकला की पडदा गेला. खिळा हाडाला थेट चिकटतो. मजबूत होतो, आणि मुका होतो. बहुतेकांचं त्यावाचून अडत नाही. भाजी-पोळी खाणाऱ्याला काय फरक पडतो? मी स्वतः लोकांना असे खिळे बसवायला पाठवलेलं आहे. पण दाण्याची ओल पारखून पोट भरणाऱ्या माणसाला 'तुम्ही काय काम करता' हे विचारायला अमरावतीत कोणाला सुचलं नाही. कॉफी मात्र विचारली होती.

देवरावांनी पुढचं सांगितलं ते आणखी वाईट होतं. काही दिवस त्यांनी रंग पाहून, मुठीत दाणे खुळखुळवून चालवलं. अनुभव होताच. पण एक मोठा ढीग त्यांनी कोरडा म्हणून घेतला आणि तो मिलच्या गोदामात गरम झाला, थप्पीच्या आतल्या पोत्यांतली तूर बुरशीने चिकटली. शेठजी मारवाडी, तोंडाने गोड. दुसऱ्या दिवशी फक्त ओल मोजायचं एक छोटं मशीन पिशवीत घेऊन स्वतः यार्डात आले. आणि देवरावांनी दाणा तोंडात टाकला तसा एक अडत्या मागून ओरडला, "देवराव, कायले तरास घेता? दाना अमरावतीले पाठवा, तथून निकाल येईन!" सगळं यार्ड हसलं. ज्यांनी व्हिडिओला अंगठे टाकले होते, तेच.

"तीस वर्सं मी ज्याले ओली म्हनलं ते ओली," देवराव म्हणाले. "आता माह्या तोंडाकडे पायतात आन हासतात. बाई, हा काढून टाका."

मी म्हटलं, हा काढला तर हाड फुटेल, आणि जुनी दाढ काही परत येणार नाही. ते म्हणाले, "मंग मी यार्डात कायले जाऊ?" आवाज चढला नव्हता, पण त्यांचे डोळे भरले होते. मला त्या काचेच्या दवाखान्याची, त्या संगीताची, आणि विशालच्या त्या पर्मनंट सोल्युशनची इतकी चीड आली की मी डबा तसाच झाकला आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

आमच्याकडे चावा तपासायचा एक निळा कागद असतो, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदापेक्षा पातळ. मी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तो उजव्या बाजूला दाढांमध्ये ठेवला. "चावा. काही आहे का मध्ये?" "नाही." होता. डावीकडे ठेवला. "हाय. कायतरी कागदासारखं." परत उजवीकडे, परत डावीकडे. डावी बाजू एकदाही चुकली नाही. मी म्हटलं, "देवराव, तुमची कंपनी बंद नाही पडली. दुसऱ्या गाळ्यात हलवायची आहे."

ते म्हणाले, "डाव्यानं मी जन्मात नाही चावलं." हे खरं होतं. माणूस लहानपणापासून एक बाजू धरतो, जसा हात धरतो. आणि दुसरी अडचण म्हणजे डावी खालची दाढ जोरात चावलं की कळ द्यायची. पाहिलं तर तिच्यातही जुनी चांदी, आणि कडेला केसासारखी चीर. उजवीकडे जे झालं त्याचीच सुरुवात. नुसती ठेवली तर एका मोसमात फुटेल. मी सांगितलं, हिला धातूची टोपी घालायची. सोन्यासारखी पिवळी दिसेल. चुरगळणार नाही, पण अगदी दगडही नाही, समोरच्या दाढेला सांभाळून घेईल. मूळ तुमचं, म्हणून दाणा कळेल. आयुष्यभर टिकेल असं मी म्हणणार नाही. कधीतरी तीही झिजेल, तेव्हा पाहू.

त्यांनी विशालला फोन लावला आणि माझ्याकडे दिला. विशालने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मॅडम, पुन्हा धातू? लोक काय म्हणतील, बाबांच्या तोंडात पितळ. ती पांढरी झिरकोनियाच लावा ना, पैशाचा प्रश्न नाही." मी म्हटलं, "विशाल, तुझे बाबा कशाने चावतात हे तू पाहिलंयस कधी?" तो म्हणाला, "म्हणजे?" म्हणजे पाहिलं नव्हतं. बापाने आयुष्यभर तुरीचा दाणा चावून त्याला इंजिनियर केलं, आणि पोराला वाटत होतं बाबा मिलमध्ये सुपरवायझर आहेत. मी आणखी काही बोलणार होते, पण देवरावांनी फोन परत घेतला. "पोट्ट्या," ते म्हणाले, "मले फोटो नाही काढाचा, मले तूर चावाची हाय. तू तुह्या कामाले लाग." आणि फोन ठेवला.

टोपी बसली. मग शिकवणी सुरू झाली, कारण दाढ तयार होती पण सवय नव्हती. मी घरून तूर आणायची, काही दाणे कोरडे, काही ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले, आणि दवाखाना संपला की देवराव खुर्चीत डोळे मिटून बसायचे. पहिल्यांदा दाणा तोंडात गेला की जीभ तो आपोआप उजवीकडे ढकलायची. मी ओरडायची, "डावीकडे!" ते डावीकडे न्यायचे आणि चुकायचे. चिडायचे, मीही चिडायची. आमच्या कंपाउंडरला वाटलं बाईंनी आता डाळमिल काढली. हळूहळू चुका कमी झाल्या. एक दिवस त्यांनी दाणा चावला, थांबले आणि म्हणाले, "हा ओला नाही. हा काल ओला होता, आज वाळून राहिला." खरं होतं. आदल्या दिवशीचं फडकं मी पुन्हा भिजवलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी त्यांनाच रागावले, जास्त शहाणपण नको म्हणून.

पण दवाखान्यातली खुर्ची वेगळी आणि यार्ड वेगळं. तिथे पुन्हा हसतील म्हणून ते अजून उजव्या गालाने चावल्याचं नाटक करत होते आणि शेठजींचं मशीन पिशवीतून निघतच होतं. मला राहवलं नाही. एका सकाळी दवाखाना उशिरा उघडायचा ठरवला आणि मीच यार्डात गेले. इतकी वर्षं अकोल्यात राहून मी तिथे पहिल्यांदाच पाय ठेवला. धूळ, ट्रॅक्टर, हमालांच्या हाका, आणि जिथे पाहावं तिथे तुरीचे तांबूस ढीग. बायका जवळपास नव्हत्याच, त्यामुळे सगळे माझ्याकडे पाहत होते. त्यांतल्या निम्म्यांच्या दाढा मी ओळखत होते.

हर्रास एका ढिगापाशी आला आणि गलका एकदम कमी झाला. ढिगाशेजारी देवरावांसारखाच दिसणारा, जरा तरुण माणूस छाती काढून उभा होता. तो भास्कर, त्यांचा भाऊ. पहाटेच ट्रॉली घेऊन आला होता. यंदा आपली तूर यार्डात सगळ्यांत वरच्या भावाला जाणार असं त्याने गावात आणि इथेही ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं. शेठजींनी पिशवीत हात घातला, मग थांबले आणि जरा हसून म्हणाले, "पहले आप, देवरावजी." मागून तोच अडत्या बोलला, "घरचा माल हाय. आता तं बिना चावताच कोरडी!"

देवरावांनी कोणाकडे पाहिलं नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतले दाणे काढले. एक तोंडात टाकला. मी त्यांच्या डाव्या गालाकडे पाहत होते. त्यांनी गाल न लपवता, सगळ्यांना दिसेल असा डाव्या बाजूने दाणा चावला. पिवळी टोपी उन्हात क्षणभर चमकली. दुसरा चावला. थांबले. तिसरा चावला. सालपट थुंकलं.

"आतून ओली हाय," ते म्हणाले.

शेठजींनी पिशवीतला हात रिकामाच बाहेर काढला, देवरावांकडे पाहून मान हलवली आणि पुढच्या ढिगाकडे वळले. सगळी हर्रास त्यांच्या मागे सरकली. पुढच्या ढिगापाशी कोणीतरी हाक मारली, "देवराव, या लवकर, इकडे चावा!" भास्करचा ढीग मागे एकटा राहिला.

भास्कर लाल झाला होता. मी कोण ते त्याला आता कोणीतरी सांगितलं होतं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हा पिवळा दात तुमी बसवला का?"

"हो."

"त्याच्यापरीस तो अमरावतीचा बरा होता! कोनाले ओलं म्हनत नव्हता, कोनाले कोरडं म्हनत नव्हता. घरच्याची इज्जत तं ठेवत होता!" मग तो भावाकडे वळला आणि पाठच्या भावाने मोठ्या भावाला देऊ नयेत अशा शिव्या द्यायला लागला.

पुढच्या ढिगाहून पुन्हा हाक आली. देवरावांनी हातानेच 'थांबा' म्हटलं. ट्रॉलीवरून ताडपत्री ओढून खाली टाकली, उन्हाची जागा पाहून तिचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं भास्करकडे फेकलं.

"शिव्या मंग देजो," ते म्हणाले. "ऊन हाय तोवर तूर पसरव."